चित्रातले स्वयंपाकघर : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

आलिशान स्वयंपाकघरे विकण्यासाठी आज जी चित्रे ग्राहकापुढे ठेवली जातात, त्यांतील पुष्कळशी छायाचित्रे नसतात. छायाचित्रासारखी दिसणारी, परंतु संगणकाने गणित करून सिद्ध केलेली अशी ती चित्रे असतात. व्यवसायात त्यांना 'रेंडर' असे नाव असले तरी सुतारापासून गृहिणीपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळलेला शब्द 'थ्रीडी' हाच आहे. आधी थ्रीडी, मग लाकडाला करवत, असा क्रम आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. भंडारा-तुमसरकडचे कुटुंब घर बांधावयास काढते आणि ओट्याखालच्या ट्रॉल्यांची चौकशी करू लागते, तेव्हा त्याच्यापुढेही प्रथम येते ते असे चित्रच. 'जाहिरात' या सदरात टाकून या चित्रांविषयी मोकळे होता येते, आणि बहुधा तसेच केले जाते. वस्तुतः काव्याची वा नाट्याची समीक्षा ज्या अर्थाने होते त्या अर्थाने त्यांची परीक्षा होणे अगत्याचे आहे. कारण पाहणाऱ्याचा विश्वास हेच त्यांचे मुख्य द्रव्य असून तो विश्वास त्यांनी दुसऱ्या एका कलेकडून उसना घेतलेला आहे.

या परीक्षेसाठी भंडारा जिल्हा समोर ठेवण्यास कारण आहे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. गावाचे नाव 'भाणारा' या जुन्या रूपावरून आले व त्या रूपाचा संबंध पितळेच्या भांड्याच्या 'भाण' या शब्दाशी आहे, अशी व्युत्पत्ती ब्रिटिश काळापासून सांगितली जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीला ती कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. परंतु आपल्या गावाचे नाव भांड्यावरून पडले असे लोकांना वाटावे, एवढा तो धंदा तेथे मुरलेला होता, हे तीवरून निश्चित होते. या भागातील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून भांड्यांची मांडणी असे, व कित्येक घरांत ती आजही आहे. गुंड, गंज, कोपर, परात, तांबे आणि वाट्या तीवर आकाराप्रमाणे लावलेल्या असत. लाकडी फळ्यांच्या त्या वस्तूला आणि रचनेच्या कल्पनेला मराठीत 'मांडणी' हा एकच शब्द आहे, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मांडणी हे घराने स्वतःविषयी केलेले विधान होते. सोयरीक जुळविण्यास आलेला पाहुणा बोलण्याच्या ओघात तिकडे एकदा नजर टाकीत असे आणि घरातील मंडळींनाही ते ठाऊक असे. म्हणजे स्वयंपाकघराचे प्रदर्शन करण्याची हौस नवी नव्हे, आणि जाहिरातीच्या नावाने नाक मुरडणाऱ्याने प्रथम हे मान्य केले पाहिजे.

तथापि त्या प्रदर्शनाला एक पुरावा जोडलेला असे. भांड्यावर नाव घालण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी व कोणत्या दिवशी ते दिले, हे काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले असते. लग्नात मामाने दिलेला गुंड आणि बारशाला आलेली वाटी यांवरून घराचा अर्धाअधिक इतिहास वाचता येतो. तिसऱ्या पिढीत काठ झिजतो, पोचे पडतात, अक्षरे पुसट होतात, तरी वस्तूचा दस्तऐवजपणा जात नाही. तिची चकाकीही आपोआप आलेली नसते. चिंच आणि राख घेऊन कोणीतरी, बहुधा घरातील स्त्रीने, ती वारंवार मिळविलेली असते. मांडणीवरची झळाळी पाहणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असे : या घरात एवढी भांडी आहेत, आणि ती घासणारे हात आहेत.

याच्या उलट बाजूला थ्रीडी चित्र ठेवून पाहावे. छायाचित्राचे सामर्थ्य कशात आहे, याचा विचार करताना फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ याने १९८० मध्ये असे प्रतिपादिले की, छायाचित्र जे दाखविते ते कधीतरी भिंगासमोर खरोखर होते, एवढे आश्वासन प्रत्येक छायाचित्र देत असते. छायाचित्राचे क्रियापद भूतकाळी आहे. थ्रीडी चित्राचा विषय मात्र अद्याप झालेलाच नसतो. लाकूड वखारीत, दगड खाणीत आणि पैसा ग्राहकाच्या खात्यात असतो. भविष्यकाळातील ही वस्तू भूतकाळी क्रियापदाने सांगणे, हा या चित्रप्रकाराचा मूळ अलंकार होय. अलंकार हा शब्द येथे सैलपणाने योजिलेला नाही. भूत आणि भावी पदार्थ जणू डोळ्यांसमोर आहेत असे वर्णिणे, याला आपल्या साहित्यशास्त्राने 'भाविक' अशी संज्ञा दिलेली आहे. भामह आणि दंडी यांनी तर भाविक हा एखाद्या श्लोकाचा नव्हे, सबंध प्रबंधाचा गुण मानला. कवी ते शब्दांनी साधतो, आणि शब्दांनी साधलेले असल्यामुळेच ऐकणाऱ्याला आपण वर्णन ऐकत आहोत हे भान राहते. थ्रीडी चित्रात ते भान राहू नये, अशीच सर्व योजना असते.

याच संदर्भात शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवल्यावाचून राहत नाही. भरताच्या रससूत्राची चर्चा करताना शंकुकाने म्हटल्याचे अभिनवगुप्ताने नोंदविले आहे, आणि पुढे मम्मटानेही ते मत मांडले आहे, की रंगभूमीवर राम झालेल्या नटाविषयी प्रेक्षकाला होणारी प्रतीती चित्रातल्या घोड्याविषयी होणाऱ्या प्रतीतीसारखी असते. ती यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञानही नव्हे. संशय नव्हे आणि सादृश्याचे ज्ञानही नव्हे. 'हा घोडा आहे' असे आपण म्हणतो आणि तरीही फसलेले नसतो. हे मत पुढील आचार्यांनी खोडून काढले, पण चित्राविषयी त्यात जे सांगितले आहे ते आजही मोलाचे वाटते. चित्रातला घोडा पाहून कोणी खोगीर आणावयास जात नाही, यावरच त्या विलक्षण प्रतीतीचे सर्व स्वास्थ्य अवलंबून आहे. विक्रीच्या चित्राला नेमके हे स्वास्थ्य नको असते. त्याला प्रेक्षकाची ती मोकळी, संशयरहित अवस्था हवी असते आणि त्याच अवस्थेत त्याने खोगिराची बयाणा रक्कमही भरावी, अशी अपेक्षा असते. रसिक आणि गिऱ्हाईक ही दोन नाती एकाच माणसाच्या ठिकाणी एकाच क्षणी जागी करणे, हे या चित्राचे यश आहे. आणि त्याच्यातला दोषही तेथेच आहे.

हे साधण्याइतके सामर्थ्य संगणकाच्या अंगी कसे आले, हा इतिहास स्वयंपाकघराशी विलक्षण रीतीने जोडलेला आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल याने १९७५ मध्ये आपल्या घरातील चहाची किटली आकड्यांत उतरविली. पुढे अर्धशतकभर जो तो संशोधक आपल्या नव्या पद्धतीची परीक्षा त्याच किटलीवर घेत आला. मूळ किटली संगणकांच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. या प्रसिद्ध भांड्याच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, चित्रातली किटली मूळ किटलीपेक्षा बुटकी आहे; मध्यंतरी कोणा सहकाऱ्याने तिची उंची दाबली आणि ती तशीच रूढ झाली. दुसरी, न्यूवेलच्या मूळ आकड्यांत किटलीला बूडच नव्हते. ते नंतर बसविण्यात आले. आपल्याकडे 'बिनबुडाचे' हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो येथे लावण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण दोष त्या संशोधकाचा नाही; किटली टेबलावर ठेवलेली दाखवावयाची तर बुडाची गरज पडत नाही. जे दिसणार नाही ते करू नये, हा या कलेचा पहिला नियम तेथेच घालून दिला गेला.

दुसरा टप्पा तांब्यापितळेचा आहे, आणि भंडाऱ्याच्या वाचकाला तो विशेष रंजक वाटेल. आरंभीच्या काळात संगणकाने काढलेली वस्तू कोणत्याही रंगाची असली तरी प्लॅस्टिकची वाटे. रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे कारण सांगितले. प्लॅस्टिकवरच्या चकाकीचा ठिपका हा दिव्याच्या रंगाचा असतो. धातूवरची चकाकी मात्र धातूचा रंग घेते. हे ध्यानात घेऊन त्यांनी एकाच आकाराचे दोन कलश दाखविले, एक तांब्याच्या रंगाच्या प्लॅस्टिकचा आणि दुसरा तांब्याचा. आणि फरक कोणाच्याही डोळ्यांना कळला. कासाराला हा भेद समजावून द्यावा लागला नसता, पण त्याने तो समीकरणात लिहिला नव्हता. पुढे १९८६ मध्ये जेम्स कजिया याने एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाचे सर्वसाधारण समीकरण मांडले आणि या शाखेला तिचे व्याकरण मिळाले. आजचे चित्रकार त्याच्याही पुढे गेले आहेत. अतिशय निर्दोष पृष्ठभाग खोटा वाटतो, हे लक्षात आल्यावर ते स्टीलच्या दारावर बोटांचे पुसट ठसे आणि ओट्यावर बारीक ओरखडे मुद्दाम घालतात. बोटावाचून उमटलेला ठसा आणि वापरावाचून आलेला ओरखडा! भंडाऱ्याच्या गुंडावरचा पोचा आणि हा ओरखडा यांत जे अंतर आहे ते कोणत्याही समीकरणात येत नाही.

व्यापारात ही विद्या स्वयंपाकघराच्या दाराने शिरली असे म्हटले तरी चालेल. स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीने २००६ मध्ये आपल्या सूचिपत्रासाठी एक साधी लाकडी खुर्ची प्रथम संगणकावर काढली. २०१४ च्या सुमारास तिच्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रे संगणकाची असल्याचे प्रसिद्ध झाले. कंपनीच्या लोकांनी त्या वेळी दिलेली कारणमीमांसा उद्बोधक आहे. सर्वांत खर्चाचे आणि कटकटीचे छायाचित्रण स्वयंपाकघरांचे. कारण अमेरिकेचे, जपानचे आणि जर्मनीचे स्वयंपाकघर एकमेकांसारखे नसते, आणि प्रत्येकासाठी निराळी उपकरणे जगभरातून आणून, मांडून, परत पाठवावी लागतात. म्हणजे देशोदेशींची स्वयंपाकघरे भिन्न असतात या जाणिवेतून ही चित्रे वाढीस लागली. त्या कंपनीची दुकाने हैदराबादेस २०१८ मध्ये व नवी मुंबईस २०२० मध्ये निघाली. आणि आज आपल्याकडील एखाद्या दुकानातील थ्रीडी चित्रांचा गठ्ठा चाळावा तर काय दिसते? ज्या साधनाने प्रत्येक प्रदेशाला त्याचे स्वयंपाकघर दाखविता आले असते, त्या साधनाने सर्वांना एकच स्वयंपाकघर दाखविले जाते. मध्ये शिरांचा पांढरा दगड लावलेला बेट-ओटा, त्यावर काचेच्या वाडग्यात लिंबे किंवा हिरवी सफरचंदे, मागे उंच कपाटात पास्त्याच्या बरण्या, वर लोंबते तीन दिवे. चित्रकार तयार वस्तूंच्या संग्रहांतून हे सामान उचलतो, आणि त्या संग्रहांत पोळपाट सहसा नसतो. ज्या घरात वर्षाचा तांदूळ पोत्यांनी येतो, त्या घराने तो कोठे ठेवावा याचे उत्तर या चित्रांत शोधून सापडत नाही.

वस्तूंची निवड हा चित्राचा बाहेरचा भाग झाला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाहणारा कोठे उभा आहे, हा होय. आठ फूट बाय दहा फुटांच्या खोलीचे छायाचित्र घेणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते. तेथून मागे सरकता येत नाही. संगणकातील कॅमेऱ्याला पाठ नसते. तो भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवता येतो आणि मधली भिंत तेवढ्यापुरती अदृश्य करता येते. त्यामुळे खोली तिच्या खऱ्या मापाची असूनही प्रशस्त दिसते. चित्रात एकही माप खोटे नसते. केवळ पाहणारा अशा जागी उभा असतो, जेथे त्या घरातले कोणीही कधी उभे राहू शकणार नाही. येथे एका ऐतिहासिक प्रसंगाची तुलना उद्बोधक ठरेल. १९५९ च्या जुलैमध्ये मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेने आपले प्रदर्शन भरविले होते, आणि तेथील नमुना-घराच्या पिवळ्या स्वयंपाकघरासमोर निक्सन व ख्रुश्चेव्ह यांचा प्रसिद्ध वाद झाला. त्या घराविषयी सोव्हिएत वृत्तसंस्थेने असा शेरा मारला होता की, हे अमेरिकन कामगाराचे घर म्हणणे म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणीकामगाराचे घर म्हणण्यासारखेच आहे. परळ-लालबागच्या चाळींत हा शेरा कोणी वाचला असेल तर त्याला काय वाटले असेल, हे सांगणे अवघड नाही. परंतु प्रस्तुत मुद्दा निराळा आहे. प्रेक्षकांच्या रांगा आत घेता याव्यात म्हणून ते घर मधोमध कापून दोन भागांत मांडलेले होते. काप सर्वांना दिसत होता. आपण उघडलेल्या घरातून चालत आहोत हे प्रत्येकाला कळत होते. थ्रीडी चित्रातही घर कापलेलेच असते. फक्त कापाची खूण पुसलेली असते.

पाहणाऱ्याच्या या जागेतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. हा कॅमेरा जवळजवळ नेहमी बैठकीच्या बाजूला असतो. स्वयंपाकघर त्याला पाहुण्याच्या नजरेने दिसते. ओट्याशी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या नजरेने क्वचितच. फोडणी देताना डोळ्यांसमोर जी चार फूट भिंत असते, डबा काढताना जे कपाट डोक्याला लागते, भांडी घासताना जे पाणी कोपरावरून ओघळते, त्याचे चित्र कोणी काढत नाही. फ्रांकफुर्ट शहरासाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये जे स्वयंपाकघर आखले व जे सुमारे दहा हजार घरांत बसविण्यात आले, त्याचा पाया स्वयंपाक करणारीची पावले मोजण्यात होता. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्यावरूनही तिने धडा घेतला होता. त्या स्वयंपाकघरावर पुढे टीका झाली. ते फार लहान होते, आणि एकटीनेच राबावे असे त्याने गृहीत धरले होते. परंतु ते ज्या रेखाटनाने लोकांपुढे मांडता येत होते त्यात पावले मोजता येत होती. थ्रीडी चित्रात पावले मोजता येत नाहीत.

माणसाचा अभाव हा तर या चित्रांचा ठळक विशेष. २०१२ मध्ये वर उल्लेखिलेल्या स्वीडिश कंपनीच्या सौदी आवृत्तीतून स्त्रियांच्या आकृती पुसून टाकल्याचे उघडकीस आले, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपनीला खेद व्यक्त करावा लागला. ती ओरड योग्यच होती. परंतु आज हजारो स्वयंपाकघरांच्या चित्रांत आरंभापासूनच कोणी नसते, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. पुसलेली स्त्री खटकते. मुळात न काढलेली स्त्री खटकत नाही. शेगडीवर ज्योत नाही, मोरीत भांडे नाही, ओट्यावर पिठाचा हात उमटलेला नाही. चित्राला वास येत नाही ही तक्रार कोणत्याही चित्राविरुद्ध करता येईल, म्हणून ती येथे अप्रस्तुत ठरते. परंतु काम हे दृश्य आहे, आणि ते वगळलेले आहे. याचा परिणाम चित्रापाशी थांबत नाही. असे चित्र आठवडाभर हातातल्या फोनवर पाहिल्यावर स्वतःचे स्वयंपाकघर त्या माणसाला वापरलेले न वाटता मळलेले वाटू लागते. तेलाचा थर, सिलिंडरच्या गंजाचे वर्तुळ, खिडकीतले कोमट ऊन, हे सारे दोष ठरतात. विक्रेता जे विकतो त्यात दगड आणि लाकूड यांच्याआधी ही असमाधानाची दृष्टी येते, आणि तिचे मोल बिलात धरलेले नसते.

उन्हाचा उल्लेख आला आहे तर तेवढे सांगितले पाहिजे. या चित्रांत फार वेळा एक लांब, तिरकी, सोनेरी किरणपट्टी खिडकीतून येऊन थेट मधल्या ओट्यापर्यंत पसरलेली असते, आणि खोलीची बाकी उजळण पाहता वेळ भर दिवसाची असावी असे वाटते. भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, आणि खिडकीतून आत येण्याऐवजी छपरावर तापत असतो. तसली पट्टी तेथे सकाळी, संध्याकाळी किंवा हिवाळ्यात मिळेल. दुपारी मिळते ती उत्तरेकडच्या थंड देशांत. आश्चर्य असे की, या संगणकीय साधनांत स्थळ, तारीख आणि वेळ भरली असता तेथला खरा सूर्य मांडण्याची सोय आहे. भंडाऱ्याचा सूर्य त्यांना ठाऊक आहे; त्याला बोलावले जात नाही. खरा सूर्य मांडला असता तर पश्चिमेच्या खिडकीसमोर शेगडी ठेवल्यास एप्रिलच्या सायंकाळी तेथे उभे राहणाऱ्याचे काय होईल, हे लाकूड कापण्यापूर्वी कळले असते.

यावरून हे चित्र सर्वथा त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. थ्रीडी येण्यापूर्वी सुतार फरशीवर खडूने ओटा आखून दाखवी, किंवा वहीच्या पानावर चौकोन काढी. त्या चौकोनाला 'हो' म्हणणाऱ्या गृहिणीला आपण कशाला होकार दिला हे काम पुरे झाल्यावरच कळे. आणि ओटा दोन इंच उंच झाला तर पुढली वीस वर्षे खांदे दुखत. नकाशा वाचता येणे हे शिक्षणाने येते. चित्र सर्वांना वाचता येते. ज्या स्त्रीला घरबांधणीच्या चर्चेत कोणी विचारले नाही, तिला चित्रावर बोट ठेवून 'हे दार इकडे उघडले तर माझा हात अडकेल' असे म्हणता आले, तर त्या चित्राने मोठेच काम केले. परंतु यासाठी चित्रात मापे लिहिलेली असावी लागतात, कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणि भिंतीच्या आत असावा लागतो, त्या घरातले पातेले आणि त्या घरातला सिलिंडर त्यात मांडलेला असावा लागतो. ज्या संगणकावर मोहाचे चित्र निघते त्याच संगणकावर हे मापाचे चित्रही निघते. फरक साधनाचा नसून हेतूचा आहे. आणि साहित्याप्रमाणे येथेही हेतू हा रचनेतूनच ओळखावा लागतो.

कायद्याने या प्रश्नाला काही अंशी हात घातला आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याच्या बाराव्या कलमान्वये जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना-सदनिका यांतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास व्याजासह पैसे परत मिळू शकतात. नुसते स्वयंपाकघर बसवून देणाऱ्या दुकानदाराला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मूळ दाव्याने होणारी दिशाभूल तळटीपेने सावरून घेता येत नाही, आणि दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत तळटीपही असली पाहिजे. समीक्षकाच्या दृष्टीने खरी अडचण येथेच सुरू होते. थ्रीडी चित्राचा दावा कोणत्या भाषेत असतो? 'ही खोली प्रशस्त आहे' असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. कॅमेरा भिंतीपलीकडे ठेवून ते सांगितलेले असते. 'चित्र केवळ कल्पनादर्शक' ही कोपऱ्यातली ओळ अक्षरांत असते, आणि दावा प्रकाशात असतो. शब्दांच्या खोटेपणाची परीक्षा करण्याची साधने न्यायशास्त्राजवळ पुष्कळ आहेत. चित्राच्या दृष्टिस्थानाचा खोटेपणा तपासण्याची परिभाषा अद्याप घडावयाची आहे, आणि चित्र व काव्य यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती घडविण्यास हातभार लावला तर ते त्यांच्या क्षेत्राबाहेरचे ठरणार नाही.

आता पुन्हा पितळेकडे. भंडाऱ्याचा भांड्यांचा धंदा ओसरला तो थ्रीडी चित्रांमुळे नव्हे. अॅल्युमिनियम आणि स्टील यांनी ते काम कितीतरी आधी केले होते. (त्या स्टीलला लागणारे मँगनीज तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघते, ही या जिल्ह्याच्या दैवातील एक विचित्र गाठ होय.) कल्हई करणारा दारावर येईनासा झाला, गॅसच्या शेगडीवर जाड बुडाचा गंज जड वाटू लागला, आणि मांडणीवरची भांडी हळूहळू माळ्यावर किंवा मोडीत गेली. नव्या स्वयंपाकघराच्या चित्रात मात्र पितळ परत आलेले दिसते. कपाटांच्या मुठी पितळी रंगाच्या, नळ पितळी रंगाचा, लोंबत्या दिव्यांची टोपणे पितळी रंगाची. दुकानदार त्याला 'ब्रास फिनिश' म्हणतो, आणि हा शब्द प्रामाणिक आहे. कारण तेथे पितळ हा धातू नसून पुष्कळदा दुसऱ्या धातूवर चढविलेली एक पातळ छटा असते. संगणकात तर ती तेवढीही नसते. तेथे पितळ म्हणजे रंगाचे, धातुत्वाचे आणि खरखरीतपणाचे काही आकडे. कुक आणि टॉरन्स यांनी ज्यासाठी खटपट केली ती धातूची चकाकी आज यादीतून निवडता येते, आणि तिला चिंच लागत नाही.

ट्रॉलीच्या खणाची उंची ठरलेली असते आणि गुंड त्यात बसत नाही. नव्या घरात राहावयास जाताना त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न भंडाऱ्याकडच्या अनेक कुटुंबांत निघतो. माळ्यावर ठेवावा तर चित्रात माळा नाही. विकावा तर दुकानात मोडीचाच भाव येतो आणि काठाखाली आजीचे नाव असते. मधल्या ओट्याच्या टोकाला चित्रकाराने कित्येकदा एक पितळेचे भांडे ठेवलेले असते. त्यात पाणी नसते, एक हिरवे रोपटे असते. जवळून पाहिले तर त्याच्या काठाखालची जागा कोरी दिसते.